नाक्यापलीकडचा भाव

गोंदिया शहरातून कुडवा नाक्याकडे निघालं की शहर नेमकं कुठे संपलं ते कळत नाही. सिमेंट-लोखंडाची दुकानं, ट्यूशन क्लासेसच्या पाट्या, मंगल कार्यालयं, पाडलेले प्लॉट, आणि दोन घरांच्या मध्ये अचानक एखादी धानाची बांधी. पावसाळ्यात त्या बांधीत रोवणी चाललेली असते आणि कुंपणापलीकडे कुणाच्या तरी घराचा स्लॅब पडत असतो. 2011 च्या जनगणनेने कुडव्याला शहर म्हटलं. लोकसंख्या किमान पाच हजार, चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आणि कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, या तीन कसोट्यांवर जनगणना खातं वस्तीला शहर ठरवतं. राज्य सरकारच्या लेखी मात्र कुडवा गाव, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. दिल्लीच्या दप्तरात शहर आणि मुंबईच्या दप्तरात गाव, अशा जागी नाली कोणी बांधायची, कचरा कोणी उचलायचा, तिसऱ्या मजल्याला परवानगी कोणी द्यायची, हे प्रश्न रोजचे असतात. घटनेचं कलम 243 क्यू सांगतं की गावाचं शहर कधी करायचं ते राज्यपाल, म्हणजे राज्य सरकार, अधिसूचना काढून ठरवेल. गावाने फार तर हरकती नोंदवायच्या.

केंद्र-राज्य संबंधांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. सरकारिया आयोग 1983 साली नेमला गेला, पुंछी आयोगाचा अहवाल 2010 मध्ये आला, आणि प्रत्येक वित्त आयोगाच्या वेळी तोच वाद नव्याने पेटतो. पण या सगळ्या चर्चेत पक्ष दोनच असतात, दिल्ली आणि राज्याची राजधानी. कुडव्यासारख्या ठिकाणी, मुंबईपासून सुमारे हजार किलोमीटरवर आणि दोन राज्यांच्या सीमांजवळ राहणाऱ्या माणसाला हा वाद अर्धवट वाटतो. दिल्लीने अधिकार स्वतःकडे ओढले, ही तक्रार खरी आहे. पण जी राज्यं ही तक्रार करतात त्यांनी स्वतःच्या पोटातल्या प्रदेशांना, जिल्ह्यांना आणि गावांना काय दिलं, हे विचारल्याशिवाय स्वायत्ततेची मागणी मला पटत नाही. जो हक्क वरून मागायचा तो खालीही द्यावा लागतो. एरवी ती फक्त दोन मालकांमधली वाटणी होते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, धानातून कळलं. आमच्या शेजारी एक काकाजी राहतात, देवरीच्या बाजूला त्यांची शेती आहे. त्यांची धाकटी बहीण सीमेपलीकडे छत्तीसगडात, डोंगरगडकडे दिलेली. दोघांच्या जमिनीत फारसा फरक नाही, वाण जवळजवळ एकच, पाऊसही तोच. 2024 च्या उन्हाळ्यात घरच्या लग्नाला बहीण आली आणि मांडवाच्या सावलीत भाऊ-बहिणीने आपापली पासबुकं काढून शेजारी ठेवली. काकाजींनी आधी चष्म्यातून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. मग ते गप्पच झाले.

त्याआधीच्या, म्हणजे 2023 च्या खरिपात साध्या धानाची आधारभूत किंमत होती क्विंटलला 2183 रुपये. ही किंमत केंद्र सरकार ठरवतं आणि ती देशभर एकच असते. पण छत्तीसगड सरकारने त्या खरिपाला क्विंटलमागे 3100 रुपये देण्याचं ठरवलं, एकरी 21 क्विंटलच्या मर्यादेत. फरक 917 रुपयांचा, म्हणजे एकरी 19,257 रुपये वरचे. महाराष्ट्राने त्याच हंगामाला हेक्टरी 20,000 रुपयांची प्रोत्साहनपर मदत जाहीर केली, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. एकरात मोडलं तर आठ हजारांच्या आसपास. सारख्याच मुलखातल्या दोन भावंडांना, मधे एक रेघ आली म्हणून, एकरामागे अकरा हजारांचा फरक. ही रेघ केवळ नकाशावर नाही. दर हंगामात छत्तीसगड आपल्या सीमेवर धानाचे नाके बसवतं, बाहेरचं धान आत येऊ नये म्हणून. त्यांचं त्यात काही चुकत नाही, त्यांचा पैसा त्यांच्या शेतकऱ्यासाठी आहे. तरीही एका देशात धान अडवण्यासाठी पहारा बसतो, हे पाहताना मनाला लागतं.

आता हा भाव कोण ठरवतं ते नीट पाहावं, कारण संघराज्य म्हणजे काय ते इथेच दिसतं. घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. पण 1954 च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने अन्नधान्याचा व्यापार, पुरवठा आणि वाटप समवर्ती सूचीत ठेवलं. म्हणजे बांधी राज्याची, पण बांधीबाहेर पडलेल्या धानावर दोघांचा अधिकार. 2020 चे तीन कृषी कायदे मुख्यतः याच नोंदीचा आधार घेऊन संसदेने केले आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर मागे घेतले. किंमत दिल्ली ठरवते. खरेदी आमच्याकडे मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ करतं. भरडाई राइस मिल करते आणि तांदूळ रेशनसाठी जातो. 2014 साली केंद्राने राज्यांना कळवलं की आधारभूत किमतीवर बोनस दिलात तर तुमच्याकडून केंद्रीय साठ्यासाठी तांदूळ घेण्यावर मर्यादा येईल. छत्तीसगडने पुढे त्यातून वाट काढली. 2020 च्या मे महिन्यात राजीव गांधी किसान न्याय योजना सुरू झाली. तिच्यात तेच पैसे क्विंटलवर बोनस म्हणून न देता पिकासाठीचं एकरी अनुदान म्हणून दिले गेले. सरकार बदललं, पक्ष बदलला, योजनेचं नाव बदललं. पण धानाला वरचा पैसा देण्याचं धोरण राहिलं आणि रक्कम वाढली.

एक लहान राज्य दिल्लीचा दबाव झुगारून हे करू शकतं आणि देशातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेला महाराष्ट्र तेवढं का करत नाही? पैसा हे उत्तर पुरत नाही, महाराष्ट्र छत्तीसगडपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. उत्तर मतदारसंघांच्या गणितात आहे. छत्तीसगडच्या विधानसभेत 90 जागा, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागात निवडणूक धानावर लढली जाते. महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 जागा. गोंदियाच्या चार, भंडाऱ्याच्या तीन, गडचिरोलीच्या तीन मिळून धानपट्ट्याच्या दहा. चंद्रपूरच्या सहाही सगळ्या धरल्या तरी सोळा. मुंबईत ऊस बोलतो, कापूस बोलतो, कांदा तर सरकारची झोप उडवतो. धान हिवाळी अधिवेशनात दोन दिवस बोलतं आणि मग गप्प बसतं. आमच्या आमदारांना दोष देऊन भागत नाही. दहा माणसांनी कितीही ओरडलं तरी 288 च्या सभागृहात तो आवाज दहा माणसांचाच राहतो.

इथे वेगळ्या विदर्भाचा विषय निघणारच, आणि तो टाळू नये. 1953 मध्ये नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 च्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. त्यात भंडारा जिल्हा होता आणि आजचा गोंदिया त्या भंडाऱ्यातच होता. आमचा जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला. ती शिफारस मानली गेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, नागपूरची राजधानी गेली, आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. त्या घाईत एक गोष्ट घडली, जी आज फारशी कुणाला आठवत नाही. राज्य पुनर्रचनेचं विधेयक मत देण्यासाठी विधानसभांकडे पाठवलं तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन वेगळे घटक होते. संसदेत ते बदलून एकच द्विभाषिक राज्य केलं गेलं आणि या नव्या रचनेवर विधानसभांना पुन्हा विचारलं नाही. बाबूलाल पराते यांनी त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये निकाल दिला: कलम 3 प्रमाणे विधानसभेचं मत विचारणं पुरेसं आहे, मूळ प्रस्ताव बदलला म्हणून पुन्हा विचारण्याची गरज नाही.

या निकालाचं महत्त्व केवळ इतिहासात नाही. आपल्या देशात राज्याची सीमा, नाव, अस्तित्व हे सगळं संसदेच्या साध्या बहुमतावर अवलंबून आहे. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळल्यावरही 2014 मध्ये तेलंगण झालं. 2019 मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. मला तेलंगणचं झालेलं योग्य वाटतं आणि काश्मीरचं अयोग्य, पण दोन्हीमागची चावी एकच आणि ती दिल्लीच्या खिशात. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा त्या राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय तोडता येत नाही. आपल्या घटनाकारांनी फाळणीच्या जखमेत, संस्थानं सामावून घेण्याच्या धामधुमीत ही चावी केंद्राकडे ठेवली. त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. पंचाहत्तर वर्षांनी तिच्यावर निदान त्या प्रदेशातल्या लोकांच्या मताचं एक कुलूप तरी हवं.

वेगळा विदर्भ झाला तर धान बोलेल का? थोडं जास्त बोलेल. विदर्भातल्या 62 जागांत धानपट्ट्याचं वजन 288 पेक्षा नक्कीच भारी. पण मी याबद्दल स्वतःची फसवणूक करून घेऊ इच्छित नाही. त्या 62 मध्येही कापूस, सोयाबीन आणि संत्र्याचे जिल्हे बहुमतात असतील. नागपूर आम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे, एवढ्यावरून ते आमचं ऐकेलच असं नाही. 1956 पूर्वी राजधानी नागपुरातच होती आणि तेव्हाही धानपट्टा मागे राहिलाच होता. शिवाय इथला मुलूख भाषावार रेघांत पुरता बसतही नाही. घरात पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी, कार्यालयात मराठी, जंगलाकडे गोंडी. आणि सोयरीक थेट बालाघाटपर्यंत. 1956 च्या रेघेने वैनगंगेच्या या खोऱ्याचे दोन तुकडे केले, तेव्हा नाती दोन्हीकडे होती आणि आजही आहेत. राज्य कुठलंही असो, निर्णयाचा शेवटचा टप्पा इथे नसेल तर माणूस पासबुक उघडून गप्पच बसणार.

तरीही घटनेने विदर्भासाठी एक वाट ठेवली होती. कलम 371 (2). विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं नेमायची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर ठेवायची, ही तरतूद 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीची. ती प्रत्यक्षात यायला 1994 उजाडावं लागलं. त्याआधी वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेष मोजला होता, सगळ्या राज्याचा मिळून 3,186.78 कोटी आणि त्यात विदर्भाचा 1,246.55 कोटी. मंडळं झाली, मुदतवाढी मिळाल्या, आणि 30 एप्रिल 2020 ला मुदत संपली ती संपलीच. सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला, पण या कलमाखालची शेवटची सही राष्ट्रपतींच्या आदेशाची, म्हणजे दिल्लीची. मंडळं असतानाही ती निवडून आलेली नव्हती. नेमलेले सदस्य मोजमाप करत, राज्यपाल निर्देश देत, आणि पैसा खर्च करणारी खाती मुंबईतच राहत. अनुशेष मोजण्याचा अधिकार आणि तो भरण्याचा अधिकार वेगवेगळ्या हातांत ठेवला की काय होतं, ते पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला कदाचित आकड्यांत कळेल. आम्हाला ते कालव्याच्या शेवटच्या टोकाला कळतं.

महाराष्ट्रात सध्या करवाटपाचा एक युक्तिवाद फार लोकप्रिय आहे. आपण इतका कर देतो आणि पंधराव्या वित्त आयोगाने वाटपातला आपला हिस्सा फक्त 6.317 टक्के धरला, उत्तर प्रदेशाचा 17.939 टक्के. संताप समजतो. त्यातला एक भाग पूर्ण न्याय्यही आहे: उपकर आणि अधिभार यांतून येणारा पैसा केंद्र राज्यांशी वाटूनच घेत नाही आणि 41 टक्क्यांचा हिस्सा त्यामुळे कागदावर दिसतो त्याहून लहान होतो. पण 'जितकं देतो तितकं परत मिळालं पाहिजे' हे सूत्र मी मान्य करू शकत नाही. तेच सूत्र मुंबईने गोंदियाला लावलं तर इथल्या किती शाळा, किती दवाखाने, किती रस्ते उभे राहतील? देशातल्या मागास राज्यांना गरजेनुसार देणं हा अन्याय आणि राज्यातल्या मागास जिल्ह्यांना गरजेनुसार देणं हा न्याय, असं एकाच तोंडाने म्हणता येणार नाही. स्वायत्तता श्रीमंतीच्या जोरावर मागितली की ती श्रीमंतांचीच होते. ती मागायची तर आपल्याबद्दलचे निर्णय आपण घ्यावेत, या हक्कावर मागावी.

आणि हा हक्क या भागात एकेकाळी प्रत्यक्षात होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, ते कुणा खात्याने बांधले नाहीत. बरेचसे कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिले. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुठून घ्यायची, पाणी कुठे साठेल, कुठल्या बांधीला आधी आणि कुठल्या बांधीला नंतर, हे गाव ठरवत असे. पाणी सोडायला माणूस नेमलेला असे, गाळ काढायला घरटी माणूस जात असे. मालगुजाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, जुलूमही त्याच व्यवस्थेत होता, हे विसरून मी तिचं गुणगान करणार नाही. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली ते योग्यच झालं. पण तिच्याबरोबर तलाव सरकारच्या नावे झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालगुजाराकडून काढून घेतलेला तलाव गावाला द्यायचा होता, तो खात्याला दिला गेला. पाळी फुटल्या, पोटात अतिक्रमणं झाली, गाळ साचला. आता गाळ काढण्यासाठी योजना येतात, अंदाजपत्रकं मंजूर होतात, आणि ज्या माणसाच्या आजोबाने त्या पाळीवर माती टाकली तो ठेकेदाराचं मशीन बघत उभा असतो.

झुडपी जंगलाचंही असंच. जुन्या मध्य प्रांताच्या महसूल नोंदीतला हा शब्द: शेतीला नालायक, खुरट्या झुडपांची, गावाच्या गुरांना आणि निस्ताराला, म्हणजे रोजच्या गरजांना, सोडलेली जमीन. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत अशी 86 हजार हेक्टरांहून जास्त जमीन आहे. 1976 मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वनं समवर्ती सूचीत गेली, 1980 मध्ये वन संवर्धन कायदा आला, 1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जंगलाची व्याख्या रुंदावली, आणि शाळा, स्मशानभूमी, पाण्याची टाकी असं सगळं ज्या जागेवर होतं ती जागा केंद्राच्या परवानगीची झाली. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन जंगलच आहे असं सांगितलं आणि 1996 पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची वाटही दिली. मी जंगलाच्या बाजूचा माणूस आहे. नवेगाव-नागझिऱ्याला लागून राहणाऱ्याने दुसरं काही असूही नये, आणि बिल्डरच्या हातात झुडपी गेली तर काय होईल ते आम्हाला दिसतं. पण या सगळ्या प्रवासात कायदा दिल्लीचा, नोंद नागपूरची, अहवाल मुंबईचा आणि जमीन गावाची होती. विचारणा मात्र गावाला झाली नाही.

राष्ट्रपती राजवटीवर महाराष्ट्राला बोलता येतं. 1980, 2014 आणि 2019 अशी तीनदा ती इथे लागली. 1994 च्या बोम्मई निकालाने कलम 356 ला वेसण घातली ती राज्यांची मोठी कमाई. पण मार्च 2022 मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेत आणि राज्यभरच्या कितीतरी नगरपरिषदांत, जिल्हा परिषदांत नंतर वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले. लोकांनी निवडलेलं सभागृह नाही आणि वरून नेमलेला अधिकारी सह्या करतो, याला राज्याच्या पातळीवर आपण लोकशाहीचा गळा घोटणं म्हणतो. नगरपरिषदेच्या पातळीवर त्याला प्रशासकीय अडचण म्हणतो. आरक्षणाचा खटला चालू होता हे कारण खरं आहे. तेच कारण सांगून विधानसभेची निवडणूक इतकी लांबवली असती तर काय झालं असतं, याचा विचार करावा.

खाली अधिकार दिले तर गावगुंड ते खातील, असं मला नेहमी ऐकवलं जातं. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत गावाबद्दल जे कठोर शब्द वापरले ते मी विसरलेलो नाही. गावात जात आहे, पैसा आहे, दडपण आहे. म्हणूनच 73 व्या घटनादुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातींचं आणि महिलांचं आरक्षण आलं आणि म्हणूनच ते हक्काचं आहे. दडपशाहीला उत्तर वरच्या हातात सगळं ठेवणं हे नाही. वरचा हात लांब असतो आणि त्याला जाब विचारायला कुडव्याच्या माणसाला रात्रभराची गाडी पकडावी लागते. सरपंचाला जाब विचारायला चपला घातल्या की पुरतं.

आज ग्रामपंचायतीकडे जे थोडं येतं तेही बांधून येतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) ग्रामीण अनुदानातला 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, 40 टक्के अबंधित. पाणी आणि स्वच्छता महत्त्वाची नाही असं कोण म्हणेल? पण आपल्या गावाला पाणी हवं की नाली, हे ठरवण्याची अक्कल गावाला नाही, असं गृहीत धरूनच हा हिशेब मांडलेला होता. महाराष्ट्राने केंद्राच्या बंधित योजनांविरुद्ध जेवढ्या जोराने बोलावं तेवढ्याच जोराने स्वतःच्या तिजोरीतला अबंधित हिस्सा जिल्ह्यांना आणि गावांना द्यावा. धानाचा बोनस किती आणि कशाच्या आधारावर, याचा निर्णय दर हिवाळी अधिवेशनातल्या घोषणेवर न सोडता रोवणीपूर्वी, धानपट्ट्याच्या लोकप्रतिनिधींच्या मंडळात व्हावा. 371 (2) ची मंडळं परत आणायची असतील तर ती निवडून आलेली आणि पैसा खर्च करू शकणारी आणावीत. कुडव्याचं गाव राहायचं की नगरपंचायत व्हायची, हे आधी कुडव्याच्या ग्रामसभेला विचारावं आणि तिने नाही म्हटलं तर थांबावं.

काकाजींची बहीण लग्न आटोपून परत निघाली तेव्हा गाडीत बसण्यापूर्वी भावाला म्हणाली, "दादा, तुझी जमीन उचलून आमच्याकडं आणता आली असती तर आणली असती." काकाजींनी तिच्या पिशवीत दोन किलो चिन्नोर तांदूळ ठेवला. दुसऱ्या दिवशी ते फेडरेशनच्या केंद्रावर उन्हाळी धानाच्या नोंदणीला गेले, सातबारा आणि आधार घेऊन. बारदाना आलेला नव्हता.